कोटिंगच्या बाटलीआधी धुण्याची बादली पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर पुरवण्या गाड्यांच्या जाहिरातींनी भरतात आणि त्यांतच ‘सिरॅमिक कोटिंग करा, पाच वर्षे पॉलिश विसरा’ अशा चौकटी दिसू लागतात. शोरूमच्या कोटेशनमध्येही विमा आणि ॲक्सेसरीजच्या खाली कोटिंगची एक ओळ बऱ्याचदा आधीच धरलेली असते. गाड्यांचे रंगकाम आणि डिटेलिंग हाच आमचा व्यवसाय असल्याने यावर जरा सविस्तर लिहावेसे वाटते. कोटिंग, म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचे आणि वाळून कडक होणारे द्रव, ही फसवणूक नाही. योग्य गाडीवर, नीट तयारी करून लावले तर ते उपयोगी पडते. पण आपल्या गाडीला ते लावावे की नाही, हे बाटलीवर छापलेल्या ‘९एच’ या कडकपणाच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. गाडी कोण धुतो, कशाने पुसतो आणि पाणी कुठले वापरतो, यावरून ते ठरते.

आधी मुळात काय जपायचे आहे ते पाहू. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सर्वांत खाली विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर असतो, सुमारे २० मायक्रॉनचा. त्यावर प्रायमर ३०च्या आसपास, मग प्रत्यक्ष रंग देणारा बेस कोट १५च्या आसपास आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. एकूण साधारण ९० ते १४०. काही नव्या कारखान्यांत प्रायमर वेगळा मारतच नाहीत, तिथे हा आकडा आणखी खाली येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे हे सगळे थर एकावर एक धरूनही दोन केसांच्या जाडीएवढेच भरतात. गाडीची चमक क्लिअर कोटमध्ये असते आणि उन्हातली अतिनील किरणे अडवणारी द्रव्येही त्याच थरात असतात. तो घासून पातळ झाला की टप आणि बॉनेट आधी पांढुरके पडतात, मग पापुद्रे सुटू लागतात. एकदा पापुद्रा सुटला की पुन्हा रंग मारण्यावाचून इलाज नाही.

या थरावर सिरॅमिक कोटिंगची भर पडते तरी किती? ज्याचा त्याने हिशेब करावा. बाटली बहुधा ३० मिलीची असते. मध्यम गाडीचा रंगवलेला पृष्ठभाग सुमारे १० चौरस मीटर धरला, तर ती सगळी बाटली एकसारखी पसरली तरी ओला थर ३ मायक्रॉनचाच होतो. त्यातले द्रावक उडून जाते, काही भाग लावायच्या कापडात मुरतो, काही पुसून काढला जातो. गाडीवर उरतो तो एक मायक्रॉनच्या आसपासचा, सिलिकायुक्त रेझिनचा कडक थर. हवेतला ओलावा घेऊन तो घट्ट होतो आणि क्लिअर कोटला चिकटून बसतो. मेणापेक्षा तो कितीतरी जास्त टिकतो, हे खरे. पण ‘काचेचे चिलखत’ म्हणून जे विकले जाते ते हे नव्हे. ‘तीन लेअर, पाच लेअर’च्या पॅकेजचेही तेच. दुसऱ्या हाताने पहिल्या हातात राहून गेलेल्या जागा भरतात, त्यामुळे तो लावण्यात अर्थ आहे. त्यापुढच्या प्रत्येक हाताने बिल वाढते, थर फारसा वाढत नाही.

‘९एच’ हा पेन्सिलचा आकडा आहे. रंगउद्योगात एक साधी चाचणी असते. पेन्सिलचे टोक सपाट घासून ती ४५ अंशांत धरायची, ७५० ग्रॅम भार देऊन रंगावरून पुढे ढकलायची आणि कितव्या कडकपणाच्या पेन्सिलीने चरा उमटतो ते पाहायचे. ९एच ही त्या पट्टीवरची सर्वांत कडक पेन्सिल. चाचणीत उतरलेल्या थरावर पेन्सिलीचा चरा उमटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याला १० गुण देणाऱ्या खनिजांच्या पट्टीशी या ९चा काही संबंध नाही. आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे खडी केंद्रांतली बेसाल्टची भुकटी, बांधकामाची क्रश सँड आणि नदीची वाळू. वाळूतले क्वार्ट्झचे कण खनिजांच्या पट्टीवर ७ला बसतात. असा कण फडक्याखाली सापडला आणि वरून हाताचा दाब पडला, तर एक मायक्रॉनचा कोणताही थर चरा अडवू शकत नाही.

म्हणूनच खरा प्रश्न फडक्याचा आहे. बहुतेक सोसायट्यांत सकाळी गाड्या पुसणारा एक माणूस असतो. त्याच्याकडे एक बादली आणि एक सुती फडका. आठ-दहा गाड्या त्याच बादलीत होतात. पहिल्या गाडीची वाळू बादलीच्या तळाशी बसते, फडका बुडवला की वर येते आणि पुढच्या गाडीवर फिरते. पाणी गढूळ दिसू लागेपर्यंत चार गाड्या होऊन गेलेल्या असतात. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. महिन्याला काही शे रुपयांत आपण त्याच्याकडून रोज पुसलेली गाडी मागतो, तो देतो. काळी किंवा गडद निळी गाडी भर उन्हात पाहा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल बारीक चरे उमटलेले दिसतील. ते या रोजच्या पुसण्याने पडतात. कोटिंग लावलेल्या गाडीवरही हाच फडका फिरत राहिला, तर सहा महिन्यांत तिची तीच अवस्था होते आणि मालक कोटिंगवाल्याला शिव्या देतो.

तेव्हा कोटिंगचा विचार करण्याआधी ही व्यवस्था बदलता येईल का, ते पाहावे. रोज पुसणाऱ्याला काचा, चाके आणि आतली सफाई सांगावी. रंगाला हात लावायचा तो पाण्याने धूळ वाहवून टाकल्यावरच, हे निक्षून सांगावे. आठवड्याने किंवा दहा दिवसांनी नीट धुतलेली गाडी रोज कोरड्या फडक्याने झटकलेल्या गाडीपेक्षा जास्त दिवस चांगली राहते. धुताना दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची आणि एक गाडी धुण्याचा हातमोजा खळबळायची. दोन्हींच्या तळाशी जाळी टाकली तर वाळू खाली अडकून राहते. शाम्पू पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा असावा. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण नको; त्यांनी कोटिंगवर थर साचून पाणी ओघळेनासे होते आणि मेण लावले असेल तर तेही निघून जाते. टपापासून सुरुवात करून खाली यावे, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. चाकांचा ब्रश आणि कापड वेगळे ठेवावे. सुकवायला जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्यावा. तो जमिनीवर पडला तर त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नये.

पाण्याबद्दल तर आमच्या व्यवसायातले लोकही पुरेसे बोलत नाहीत. कोटिंगवर पाण्याचे गोल टपोरे थेंब उभे राहतात, व्हिडिओत तेच दाखवतात. पण तोच थेंब उन्हात जागच्या जागी आटला की त्यातले सगळे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार एका ठिपक्यात गोळा होतात. कोटिंग नसलेल्या गाडीवर पाणी पसरते आणि डाग पुसट पडतो. कोटिंगवर कडा असलेला पांढरा गोल उमटतो. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. त्याहून वाईट म्हणजे आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारे पाणी. ते वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत बादलीत धरून गाडीला वापरतात. पाणी वाचवण्याचा हेतू चांगलाच आहे, पण फिल्टरने काढलेले सगळे क्षार याच पाण्यात आलेले असतात. ते फरशीला, संडासाला वापरावे, गाडीला नको. पावसाळ्यात पागोळीचे धरलेले पाणी मात्र गाडी धुवायला उत्तम, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात.

क्षारांचा डाग ताजा असेल तर पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी एकत्र करून कापड भिजवावे, डागावर मिनिटभर ठेवावे, हलके पुसावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. एवढ्याने गेला नाही आणि नखाला खळगा जाणवत असेल, तर क्षारांनी थर कोरलेला आहे. तो भाग पॉलिशनेच काढावा लागतो आणि तिथले कोटिंगही त्याबरोबर जाते. ज्यांच्याकडे पाणी क्षाराचे आहे, गाडी उघड्यावर उभी असते आणि धुतल्यावर लगेच सुकवायला कोणी नाही, त्यांनी कोटिंग लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. दर दोन-तीन महिन्यांनी हाताने लावायचे साधे सीलंट, म्हणजे मेणासारखा काही महिने टिकणारा थर, त्यांना परवडते आणि पुरतेही.

आता कोटिंग काय चांगले करते तेही सांगायला हवे. चिखल, धुळीचा चिकट थर, किडे आणि झाडाखाली पडणारा चीक त्यावरून लवकर सुटतात, म्हणून धुताना घासावे कमी लागते आणि घासणे कमी म्हणजे चरे कमी. पावसाळ्यात हा फायदा रोज जाणवतो. पक्ष्याच्या विष्ठेतले आम्ल क्लिअर कोटपर्यंत पोचायला थोडा जास्त वेळ लागतो. तो वेळ तासांचा असतो, दिवसांचा नव्हे. उन्हात क्लिअर कोट मऊ होतो, वर वाळणारी विष्ठा आक्रसते आणि खालचा थर तिच्याबरोबर ओढला जातो. म्हणून दिसली की ओले कापड दोन-तीन मिनिटे वर ठेवून, मऊ झाल्यावर उचलावी. कोरडी खरवडू नये.

गोट्याचा मार मात्र कोटिंग अडवत नाही. एक्स्प्रेसवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा बॉनेटवर टिपका पाडणारच. त्याला उपाय पीपीएफ, म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनची १५० ते २०० मायक्रॉनची फिल्म. पूर्ण गाडीला तिचा खर्च सहज लाखाच्या घरात जातो. ज्यांचे महामार्गावर येणे-जाणे जास्त आहे त्यांनी सगळ्या गाडीला कोटिंग करण्याऐवजी पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरसे आणि दारांच्या मुठींमागच्या वाट्या एवढ्यालाच चांगली फिल्म लावावी. पैसा खऱ्या झिजेच्या जागी जातो. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेपासून गंज वाचवायला म्हणून कोटिंग घेणारेही भेटतात. गंज दारांच्या खालच्या घडीत, गाडीच्या पोटाशी आणि चिखल अडकलेल्या कोपऱ्यांत सुरू होतो. तिथे हे कोटिंग पोचतच नाही.

तर मग घ्यावे कोणी? गाडी गडद रंगाची, शेडमध्ये किंवा बेसमेंटमध्ये उभी राहणारी, स्वतः किंवा नीट शिकवलेल्या हाताने धुतली जाणारी आणि किमान चार-पाच वर्षे ठेवायची असेल, तर जरूर घ्यावे. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर चरे कमी दिसतात. तिथे घाई नाही. दोन वर्षांत विकायच्या गाडीवर हा खर्च बहुधा परत मिळत नाही. क्लिअर कोट सुटू लागलेल्या जुन्या गाडीवर तर पैसे टाकूच नयेत, कारण सुटणाऱ्या थराला चिकटलेले कोटिंग त्याच्याबरोबरच सुटेल. अपघातानंतर नव्याने रंगवलेल्या भागाला साधारण महिनाभर थांबावे. भट्टीत सुकवलेला गॅरेजचा रंगही आतून द्रावक सोडत असतो आणि वरून घट्ट झाकला तर मंद पडू शकतो. मॅट रंगाच्या गाडीला त्याच रंगासाठी बनवलेले कोटिंग लागते आणि त्यावर पॉलिश चालत नाही, हेही आधीच लक्षात घ्यावे.

घ्यायचे ठरले, तर दर बाटलीचा नसून तयारीचा आहे हे समजून पैसे द्यावेत. बाजारात हे काम साधारण १५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत होते आणि हा फरक मुख्यतः हाताच्या कामाचा असायला हवा. आधी फोमने धुलाई, मग डांबराचे ठिपके आणि रंगात रुतलेले लोखंडाचे कण काढणारी रसायने. दुसरे मारले की ब्रेकच्या धुळीवर जांभळे ओघळ येतात. मग ओल्या पृष्ठभागावर क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, फिरवायची. याची गरज आहे का, हे घरीही कळते. धुतलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून हळूच बोटे फिरवावीत. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला, तर कण रुतलेले आहेत. त्यावर कोटिंग लावले तर ते कण तसेच खाली कोंडले जातात.

पॉलिश मशीन लावण्यापूर्वी जाडी मोजण्याच्या यंत्राने प्रत्येक पॅनेलवर चार-पाच ठिकाणी आकडे घ्यावेत आणि ते तुम्हाला लिहून द्यावेत. ९० ते १४०मधला आकडा कारखान्याचा; २००च्या पुढे गेला तर पुन्हा रंग मारलेला आणि ३००-४००च्या वर गेला तर खाली पुट्टी. बॉनेट ॲल्युमिनियमचे असेल तर लोखंडी पत्रा आणि ॲल्युमिनियम असे दोन्ही धातू ओळखणारे यंत्र लागते. प्लास्टिकच्या बंपरवर नेहमीचे यंत्र चालत नाही, तिथे कारागिराने बेतानेच हात चालवायचा असतो. लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड (घासून काढणारी पेस्ट) लावले की एका वेळी ३ ते ५ मायक्रॉन सहज जातात. हलक्या फिनिशिंग पॉलिशने एकाहूनही कमी जातो. नव्या गाडीला लोकरी पॅडचे काहीच काम नसते.

पॉलिशमधले तेल बारीक चरे झाकते. म्हणून कोटिंगपूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने प्रत्येक पॅनेल पुसावेच लागते. तेल राहिले तर कोटिंग धड चिकटत नाही, शिवाय झाकलेले चरे दोन महिन्यांनी उघडे पडतात. ग्राहकाने वर्कशॉपमध्ये जायचे ते नेमके याच वेळी. अल्कोहोलने पुसून झालेली, कोटिंग न लागलेली गाडी एलईडी टॉर्चखाली पाहावी. आता दिसणारे चरे पुढची काही वर्षे दिसणार आहेत. ‘आत्ता येऊ नका, डिलिव्हरीलाच या’ असे सांगणाऱ्याकडे काम देऊ नये.

लावण्यातली चूकही ओळखता यायला हवी. साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घेऊन आडवे-उभे हात फिरवतात. अर्ध्या मिनिटापासून दोन-तीन मिनिटांत थर इंद्रधनुषी दिसू लागतो आणि तेव्हा मायक्रोफायबरने समतल करतात. नक्की वेळ त्या त्या बाटलीची, शिवाय तापमान आणि दमटपणाही त्यात फरक करतात. उशीर झाला की पुसले न गेलेले जाड डाग तसेच घट्ट होतात आणि उजेडात तेलकट, गडद ठिपके दिसतात. लगेच लक्षात आले तर त्यावर पुन्हा थोडे कोटिंग लावून मऊ करून पुसता येते; दुसऱ्या दिवशी पॉलिशशिवाय निघत नाहीत. जुलैच्या कोकणी दमट हवेत हे फार होते. एसी शेड नसेल तर काम दिवाळीनंतर करावे. काम झाल्यावर २४ तास गाडीवर पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर शाम्पू नको. हे सगळे नीट करायला दोन दिवस लागतात, जुन्या गाडीला तीनही. शोरूममध्ये दोन तासांत होणाऱ्या कोटिंगमध्ये यातले काय काय झाले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

वॉरंटीचा कागद पैसे देण्यापूर्वी वाचावा. पाच किंवा सात वर्षांच्या वॉरंटीतून पाण्याचे डाग, विष्ठेचे डाग आणि चरे अनेकदा वगळलेले असतात, आणि दरवर्षी पैसे भरून मेंटेनन्स केला नाही तर ती रद्द होते. एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधायचे आहे. काही पॅकेजमध्ये ‘दरवर्षी मोफत रबिंग-पॉलिश’ असते. रबिंग म्हणजे घासणे. एक मायक्रॉनचा थर पहिल्याच रबिंगमध्ये निघून जातो आणि पुढच्या वेळी घासला जातो तो क्लिअर कोट. खऱ्या मेंटेनन्समध्ये लोखंडाचे आणि क्षारांचे साठे काढणारी धुलाई आणि वरून सिलिकाचा स्प्रे असतो, मशीन नसते. पाणी ओघळेनासे झाले म्हणून लगेच नवे कोटिंगही घेऊ नये. बऱ्याचदा वर मळ साचलेला असतो आणि अशा एका धुलाईने थेंब पुन्हा उभे राहतात.

बिलावर कोटिंगचे नाव, बॅच क्रमांक, किती मिली, किती हात आणि पॉलिशचा प्रकार लिहून घ्यावा. सीलबंद बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी. बाटलीवर सिरॅमिकऐवजी ग्राफीन (कार्बनचा एक प्रकार) लिहिलेले असले तरी वाळू, क्षार आणि गोट्याचा मार यांबाबत वर लिहिलेले सगळे तिलाही लागू आहे.

नव्या गाडीच्या पूजेबद्दलही दोन ओळी. बॉनेटवर ओल्या कुंकवाने काढलेले स्वस्तिक दिवसभर उन्हात राहिले तर फिक्या रंगाच्या गाडीवर डाग राहू शकतो. संध्याकाळी साध्या पाण्याने वाहवून काढावे, कोरडे पुसू नये. झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर तारेची टोके रंगाला लागू देऊ नयेत. कोटिंग कालच झालेले असेल तर स्वस्तिक काचेवर काढावे.

कोटिंग घेणे ही गाडी खरेदीची अट असू शकत नाही. कोटेशनमध्ये ती रक्कम धरली असेल तर ती काढून नवे कोटेशन लेखी मागावे. तोंडी नकार मिळाला तर तोही ईमेलवर मागावा. जाहिरातीत दिलेले आश्वासन आणि वॉरंटीचा कागद यांत तफावत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जाहिरातीचे कात्रण, बिल आणि गाडीचे उजेडात काढलेले फोटो मात्र जपून ठेवावेत.

आपले,
गाड्यांचे रंगकाम व डिटेलिंग व्यवसायातील दोन वाचक, पुणे